सासूबाईंसाठी चौदा इंची टायर

आकडा चुकीचा असता तर भागलं असतं. माणसं चुकतात, सासवा माफ करतात, संसार पुढे चालू राहतात. पण आकडा बरोबर होता, शंभर ग्रॅमचाही फरक नव्हता, आणि म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

झालं असं, की वजनमापे निरीक्षक एका रविवारी संध्याकाळी बायकोला आणि सासूबाईंना आपल्या गाडीतून घरी आणत होते. गाडी छोटी, जुनी आणि पोटाने जमिनीला जरा जास्तच जवळची. सोसायटीच्या गेटात सेक्रेटरींनी मुलांच्या सुरक्षिततेसाठी स्पीडब्रेकर बांधून घेतला होता. बांधून घेतला म्हणजे काय, कुंपणाच्या भिंतीतून उरलेला सगळा माल गवंड्याने तिथंच ओतला होता. निरीक्षकांच्या गाडीत दोन माणसं असली की ती त्याच्यावरून सुखरूप पार होई. तिसरं बसलं की पोट घासे, आणि तो आवाज ऐकून तिसऱ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत येत. "निरीक्षक आले वाटतं," असं म्हणून परत आत जात.

त्या संध्याकाळी निरीक्षकांनी ब्रेकरच्या अलीकडे गाडी थांबवली, मागे वळून पाहिलं आणि अत्यंत आदराने म्हणाले, "आई, जरा दोन मिनिटं उतरता का? ब्याऐंशी किलो चारशे ग्रॅम कमी झाले की गाडी अलगद निघेल."

गेटाशी वॉचमन उभा होता. बाकावर सेक्रेटरी होते. त्यांच्या शेजारी समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त प्राध्यापक होते. सासूबाई एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांचं वय सरकारी कागदांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि वजन तर सरकारलाही ठाऊक नव्हतं. त्या शांतपणे उतरल्या, दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, गेटाकडे पाठ केली आणि सरळ बसस्टॉपच्या दिशेने चालत्या झाल्या.

निरीक्षकांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की त्यांच्या मनात काही नव्हतं. बावीस वर्षं बाजारात तराजू तपासून त्यांची नजरच तशी झाली होती. समोर काहीही आलं की आधी आकडा दिसायचा आणि मग वस्तू. दुकानदार त्यांना पाठीमागे 'गुंजसाहेब' म्हणत, कारण गुंजभर फरकही त्यांच्या हातून सुटत नसे. साहेबांना हे नाव माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

"तुम्ही माझ्या आईला पोतं समजलात?" घरात आल्यावर बायकोने विचारलं.

"छे, छे! पोत्याचा अंदाज इतका अचूक येत नाही," निरीक्षक म्हणाले. खोटं बोलायचं नाही ही सवय माणसाला कुठं नेऊन ठेवेल सांगता येत नाही.

त्यानंतर बायकोचं बोलणं 'डबा', 'किल्ली' आणि 'दार लावा' या तीन गोष्टींवर आलं. एकदाच ती पूर्ण वाक्य बोलली. "आई या घरात येईल ती तुमच्याच गाडीतून, मागच्या सीटवर बसून, गेटावर न उतरता. तसं जमत नसेल तर येणार नाही. हे तिनं सांगितलंय, आणि तिनं सांगितलं नसतं तर मी सांगितलं असतं."

असे पुढे तीन महिने जायचे होते. निरीक्षकांना सासूबाईंची आठवण येत होती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण येत होती, आणि चांगलीच येत होती. कोणत्या वाण्याने पारड्याखाली लोहचुंबक लावलं, कोणी वजनाला खालून भोक पाडून मेण भरलं, या गोष्टी बायकोने पहिल्या दोन वर्षांत ऐकून संपवल्या होत्या. सासूबाई मात्र हनुवटीला हात लावून बसत आणि प्रत्येक वेळी विचारत, "मग? मग काय म्हणाला तो?" त्या तीन महिन्यांत निरीक्षकांनी अकरा खोटे तराजू पकडले आणि त्यातल्या एकाचीही गोष्ट कोणाला सांगता आली नाही. माणूस आतल्या आत फुगतो अशाने.

पहिला प्रयत्न पहिल्याच आठवड्यात झाला, आणि तो सरळमार्गी होता. निरीक्षकांनी टेप लावून ब्रेकर मोजला. उंची सतरा सेंटिमीटर. नियमात दहा. त्यांनी सेक्रेटरींना अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, ब्रेकर गेटाबाहेर आहे, म्हणजे तो नगरपालिकेचा. नगरपालिका म्हणाली, गेटाच्या आत आहे, म्हणजे सोसायटीचा. पाच आठवडे ब्रेकर कागदोपत्री आत-बाहेर करत राहिला. शेवटी नगरपालिकेचा इंजिनिअर स्वतः आला, दोरी लावली, आणि हद्द ब्रेकरच्या बरोब्बर मधून जाते असा निकाल त्याने दिला.

"बाहेरचा अर्धा आम्ही नियमाप्रमाणे तासून देतो," तो म्हणाला. "आतल्या अर्ध्याला आम्हाला हात लावता येणार नाही."

"म्हणजे मध्ये पायरी होईल."

"होईल. पण तेवढी सोसायटीची पायरी."

निरीक्षकांनी अर्ज मागे घेतला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली होती.

एव्हाना प्रकरण सोसायटीभर झालं होतं, आणि मराठी माणसाला फुकट सल्ला द्यायला मिळाला तर तो जेवायचा थांबतो. सेक्रेटरी म्हणाले, सासूबाईंना सकाळी आणत जा, सकाळी माणूस हलकं असतं. वॉचमन म्हणाला, ब्रेकरवर तिरकी घाला, गाडीला कळत नाही. एका शेजाऱ्यांनी पेट्रोलची टाकी रिकामी ठेवायला सांगितली. पण रिकाम्या टाकीने गाडी गेटापर्यंत कशी येणार, यावर त्यांनी विचार केलेला नव्हता. आणि सगळ्यांच्या शेवटी प्राध्यापक बोलले. प्राध्यापक पदार्थविज्ञानाचे. ते बोलायला लागले की पंचेचाळीस मिनिटांची घंटा झाल्याशिवाय थांबत नसत, आणि बाकावर घंटा नव्हती.

"चाक मोठं करा," प्राध्यापक म्हणाले. "आस वर जाईल, गाडी उंच होईल. मात्र—"

"वा!" निरीक्षक म्हणाले.

"मात्र ऐकून घ्या. बिजागरीपाशी बोट लावून दार ढकलून बघा. दार जितकं रुंद, तितकं ते जड जातं. इंजिनाचं तसंच. ते बिचारं चाकाला मधोमध धरून फिरवतं. चाक मोठं केलंत की त्याला प्रत्येक फेरा जड जाईल. गाडी जागची हलायला वेळ घेईल. उंच झाली म्हणजे वळणावर डुलेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, एका फेऱ्यात रस्ता जास्त कापला जाईल, त्यामुळे मीटर—"

पण निरीक्षक तोवर निघाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली खोट काढणाऱ्या माणसाने 'मीटर' हा शब्द ऐकून तरी थांबायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात 'गाडी उंच होईल' एवढंच शिरलं होतं.

टायरवाल्याचं दुकान म्हणजे टायरांच्या तीन उतरंडी आणि त्यांच्यामध्ये टायरवाला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बारा इंची चाकाला पायाने हलकेच ढोसलं.

"हे काय, साहेब, बिस्किटं लावलीत? बाराची काढा, चौदाची टाका. गाडी चार बोटं वर येईल. वाघासारखी चालेल!"

"चार बोटं म्हणजे किती?"

"चार बोटं म्हणजे चार बोटं."

निरीक्षकांनी पिशवीतून पट्टी काढली आणि टायरवाल्याची बोटं मोजली. मग दोन्ही टायरांचे व्यास मोजले, वजाबाकी केली, अर्धं केलं आणि जाहीर केलं, की गाडी एक्केचाळीस मिलिमीटर वर येईल, म्हणजे टायरवाल्याची अडीचच बोटं. यापुढे गिऱ्हाइकाला चार बोटं सांगू नये, अशी समजही त्यांनी दिली. टायरवाला बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला.

आता दुसरा कोणी असता तर टायर बसवून घरी गेला असता. पण निरीक्षक नियमाचे भोक्ते. टायरचं माप बदलायचं तर वाहन नोंदणी कार्यालयाची परवानगी हवी, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते अर्ज घेऊन गेले. अर्जात 'बदलाचे कारण' असा रकाना होता. निरीक्षकांनी तिथं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सासूबाई'.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"साहेब, हे कारण यादीत नाही. यादीत चारच कारणं आहेत. अपघात, आग, चोरी आणि रंगबदल."

"पण खरं कारण हेच आहे."

"खरं असेल हो, पण बसत नाही. थांबा." कारकुनाने शेजारच्या कारकुनाला विचारलं. दोघांनी खल केला. "लग्न झालंय ना तुमचं? मग अपघातात धरू. सासूबाई त्यातून उद्भवल्या असं दाखवता येईल."

निरीक्षकांनी ठाम नकार दिला. सासूबाईंना अपघात म्हणणं त्यांना पटेना. शेवटी 'इतर' असा पाचवा रकाना हाताने आखून, त्यावर वरिष्ठांची सही आणून अर्ज मंजूर झाला. या सहीपायी तीन शनिवार गेले. वरिष्ठांनाही सासू होती, म्हणून तीनच.

चौदा इंची टायर लागले. वडिलांचे बूट घातलेल्या पोरासारखी गाडी दिसू लागली, पण निरीक्षकांना ती विमानासारखी वाटली. आता चाचणी. निरीक्षक कुठलीही गोष्ट पडताळणीशिवाय वापरत नाहीत. त्यांनी चाळीस-चाळीस किलोंची वाळूची दोन पोती भरली, वर दोन किलो चारशे ग्रॅमची एक पिशवी ठेवली, सगळं मागच्या सीटवर नीट बसवलं आणि सांडू नये म्हणून त्याला पट्टा लावला. पुढे बायकोच्या जागी टाकीचा सल्ला देणारे शेजारी बसले. नेमकी त्याच वेळी बायको भाजीची पिशवी घेऊन गेटातून येत होती. तिने काचेतून आत पाहिलं.

"हे काय?"

"ह्या आई," निरीक्षक म्हणाले.

मग 'डबा' आणि 'किल्ली'ही बंद झालं, पुढचे चार दिवस.

पण चाचणी यशस्वी झाली होती! रस्त्यावरून वेग घेऊन आलेली गाडी ब्रेकरवरून अशी गेली, की वॉचमनने सलाम ठोकला. पोटाला खरचटलंसुद्धा नाही. तिसऱ्या मजल्यावरचं कोणीही गॅलरीत आलं नाही. निरीक्षकांनी गाडी लावली आणि ते वाळूकडे पाहून क्षणभर हसले.

उरलेल्या गोष्टी त्यांना हळूहळू कळत गेल्या. पहिली अशी, की गाडी आता विचार करायची. सिग्नल हिरवा झाला, साहेबांनी पाय दाबला, की इंजिन ओरडायचं, खालून काहीतरी हुंकार यायचा आणि गाडी जागीच. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले की मग ती निघायची. एकदा दुधाच्या चार किटल्या लावलेली सायकल पुढे निघून गेली. दुधवाल्याने जाताजाता मान वळवून विचारलं, "ढकलू का?" ज्या माणसाला पाहून याच दुधवाल्याचं माप कापायला लागायचं, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं.

दुसरी गोष्ट, गाडी डुलायची. चौकातलं गोल वळण घेताना फायलींची पिशवी डाव्या दारावरून उजव्या दाराकडे यायची आणि वळण संपलं की परत जायची. तिसरी गोष्ट, चाक पूर्ण वळवलं की टायर वरच्या पत्र्याला घासायचा आणि खर्र असा आवाज यायचा. म्हणजे पोटाचं घासणं गेलं आणि खांद्याचं आलं. त्यामुळे निरीक्षक आता अर्धंच वळत. काटकोनात वळायचं झालं तर पुढच्या मोठ्या मैदानापर्यंत जाऊन तिथं सावकाश वळून यायचे. ऑफिसात ते उशिरा पोहोचू लागले, आणि कारण विचारलं तर सांगत, "वळण मिळालं नाही."

चौथी गोष्ट मात्र त्यांना आवडली होती. सासूबाईंच्या घरापासून सोसायटीपर्यंतचा रस्ता आजवर अकरा किलोमीटर भरायचा. नवे टायर लागल्यापासून मीटरवर तो साडेनऊ भरू लागला. निरीक्षकांना वाटलं, मधला नवा पूल झाला त्याने रस्ता वाचला असावा. खरं तर पूल होऊन सहा वर्षं झाली होती. पण सासूबाईंचं घर दीड किलोमीटर जवळ आलं, यात त्यांना शुभशकुनच दिसला, आणि शकुन कोणी टेप लावून मोजत नाही.

अखेर तो रविवार आला. बायकोने आईला फोन केला. बोलणं बराच वेळ चाललं. निरीक्षक दाराआड उभे होते, त्यांना फक्त शेवट ऐकू आला. "हो गं. नाही उतरायचं. मी आहे ना पुढे बसलेली."

सासूबाई आल्या, मागच्या सीटवर मधोमध बसल्या, पर्स मांडीवर ठेवली. निरीक्षक "नमस्कार आई" म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली. पुढची पाच मिनिटं गाडीत इंजिनाखेरीज कोणी बोललं नाही. निरीक्षकांच्या तोंडात अकरा तराजूंच्या गोष्टी दाटून आल्या होत्या, पण सुरुवात कुठून करावी कळेना.

मधे उताराचा लांब सरळ रस्ता लागतो. तिथं वेगाची मर्यादा पन्नास. गाडी एकदा चालू लागली की हे टायर तिला थांबू देत नसत. निरीक्षकांची नजर मीटरवरून हटली नाही. काटा अठ्ठेचाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. आणि उताराच्या तळाशी हवालदाराने हात केला.

"पंचावन्न," हवालदार म्हणाला. त्याच्या हातात वेग मोजायचं यंत्र होतं.

निरीक्षक गाडीतून उतरले. शर्ट खेचून सरळ केला. सासूबाई बघताहेत हे त्यांना पाठीला जाणवत होतं.

"माझं मीटर अठ्ठेचाळीस दाखवत होतं," ते म्हणाले. "मी वजनमापे निरीक्षक आहे. बावीस वर्षं सेवेत आहे. तुमचं यंत्र पडताळलेलं आहे का? प्रमाणपत्र दाखवा."

बहुतेक लोक हवालदाराला मामाची नाहीतर आमदाराची ओळख सांगतात. प्रमाणपत्र मागणारा हा पहिलाच. हवालदाराने निमूटपणे डबा उघडला आणि झाकणाच्या आत चिकटवलेला कागद पुढे केला. निरीक्षकांनी तो उन्हात धरून वाचला. यंत्र दोन महिन्यांपूर्वी पडताळलेलं होतं. बिनचूक ठरलेलं होतं. खाली शिक्का होता आणि शिक्क्यावर सही होती. सही त्यांची स्वतःची होती.

निरीक्षकांनी ती सही पुन्हा एकदा वाचली. यंत्र खोटं म्हणावं तर आपला शिक्का खोटा, आणि शिक्का खोटा तर बावीस वर्षांची नोकरीही खोटी. यंत्र खरं म्हणावं तर... आणि तेव्हा त्यांना प्राध्यापकांचं अर्धवट ऐकलेलं वाक्य आठवलं. एका फेऱ्यात रस्ता जास्त कापला जाईल, त्यामुळे मीटर...

ते खाली बसले आणि रस्त्याच्या कडेला आपल्याच टायरला टेप लावला. बासष्ट सेंटिमीटर. जुना त्रेपन्न पूर्णांक सात, हे त्यांना पाठ होतं. मीटर बिचारं अजून जुन्याच चाकाचे फेरे मोजत होतं. शंभर म्हणायचं आणि गाडी एकशेपंधरा जायची. रस्ता काही आटला नव्हता. बाजारातल्या वाण्याने इतकी खोट ठेवली असती तर साहेबांनी त्याचं दुकान दोन दिवस बंद ठेवलं असतं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि ती सासूबाईंच्या देखत वाटत होती.

ते उठले. "हवालदार," ते मोठ्याने म्हणाले, "तुमचं यंत्र बरोबर आहे. माप माझं खोटं आहे."

"बरं. मग लायसन्स द्या."

"थांबा." निरीक्षकांनी पिशवीतून नोटिसांचं पुस्तक काढलं, तीन कार्बन घातले आणि गाडीच्या टपावर ठेवून लिहायला सुरुवात केली. खोटं माप बाळगणाऱ्याला दिसताक्षणी नोटीस द्यायची, हा नियम होता, आणि नियमात 'स्वतः सोडून' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. आरोपीचं नाव लिहिलं. व्यवसाय, वजनमापे निरीक्षक. खोटीचं प्रमाण, शेकडा पंधरा. 'आरोपीशी नाते असल्यास नमूद करावे' या रकान्यापाशी ते थोडे अडखळले आणि मग लिहिलं, 'स्वतः'. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास पुढील कारवाई केली जाईल, अशी तंबी स्वतःला दिली. एक प्रत फाडून खिशात घातली आणि पोच म्हणून खाली सही केली. हवालदाराला साक्षीदार म्हणून सही करायला लावली.

"साहेब," हवालदार काकुळतीला येऊन म्हणाला, "दंड मी करू, की तोही तुम्हीच करून घेताय?"

पुन्हा गाडी निघाली तेव्हा निरीक्षकांना मागच्या आरशात बघायचा धीर होईना. थोड्या वेळाने मागून शाळेतला जुना आवाज आला.

"नात्याच्या रकान्यात काय लिहिलंत?"

"स्वतः," निरीक्षक म्हणाले.

मागून खर्र असा आवाज आला. टायर घासला असं समजून निरीक्षकांनी चाक सरळ केलं. आवाज थांबेना. सासूबाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

"आई," निरीक्षक पुढे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"आकडा चुकला होता का?"

'हो' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. "नाही," ते म्हणाले. "आकडा बरोबर होता. पण तो सांगायचा नव्हता. तुम्ही गेल्यापासून घरात माझं ऐकायला कोणी नाही. मला करमत नाही."

सासूबाईंनी रुमालाची घडी करून तो पर्समध्ये ठेवला. बायकोने, तीन महिन्यांत पहिल्यांदा, "पाणी हवंय का?" असं विचारलं.

आता गेट. निरीक्षकांनी लांबूनच वेग धरला. दीडशे फूट, शंभर फूट. आणि वॉचमन हात वर करून ब्रेकरसमोर येऊन उभा राहिला. सेक्रेटरींनी त्याच सकाळी नवा नियम काढला होता. बाहेरचं माणूस आत येताना गाडी थांबवून नोंद करायची.

"पाहुण्या किती?" वॉचमनने वही उघडत विचारलं.

गाडी थांबली ती पुढची चाकं बरोब्बर ब्रेकरला टेकवून. नोंद झाली. निरीक्षकांनी पाय दाबला. इंजिन ओरडलं, पत्रा थरथरला, जळक्या रबराचा वास आला आणि गाडी जागीच. उंची होती, पण जोर कुठून आणणार? मागं घेऊन वेग धरावा तर मागं सेक्रेटरींची स्कूटर, तिच्यामागं टेम्पो, टेम्पोमागं आणखी कोणीतरी. पाच मिनिटांत सगळ्या गॅलऱ्या भरल्या. बाकावरून प्राध्यापक उठून आले आणि म्हणाले, "बिजागरी! मी सांगत होतो!"

"मागच्या आजींना उतरवा!" तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं. "लगेच चढेल!"

बायकोने डोळे मिटून घेतले. सासूबाईंचा हात हळूच दाराच्या कडीकडे गेला. त्या बाई कोणाचा खोळंबा होऊ देणाऱ्या नव्हत्या, हे निरीक्षकांना ठाऊक होतं.

"आई, कडीवरचा हात काढा," निरीक्षक म्हणाले. इतक्या जोरात ते खोट्या तराजूच्या वाण्याशीही कधी बोलले नव्हते. "तुम्ही उतरायचं नाही. मी उतरतो."

ते उतरले. बायकोला चालवायला बसवलं. ती सगळं अंदाजे चालवते, म्हणून आजवर त्यांनी तिला चाकाला हात लावू दिला नव्हता. मग मागे जाऊन गाडीला खांदा लावला. एका बाजूला प्राध्यापक आले. आपलाच रस्ता अडलाय म्हटल्यावर सेक्रेटरी आले. वॉचमनने वही खिशात कोंबली आणि तोही आला. मागच्या काचेतून सासूबाईंचा अंबाडा तेवढा ताठ दिसत होता.

"हं, एक, दोन..."

गाडी चढली. वर क्षणभर थांबली आणि पलीकडे उतरली, पोट न घासता, आत तीनऐवजी दोनच माणसं घेऊन. टाळ्या पडल्या. फक्त आत गेल्यावर लगेच डावीकडे वळायचं असतं, आणि चाक पूर्ण वळत नाही हे निरीक्षकांनी बायकोला सांगितलेलं नव्हतं, कारण तीन महिने बोलणंच नव्हतं. गाडी सरळ गेली आणि सेक्रेटरींच्या फुलझाडांच्या वाफ्यात, ओल्या मातीत, एका बाजूला कलून थांबली.

निरीक्षक धावत गेले. ढोपराला खरचटलं होतं, शर्टाला काळं लागलं होतं. त्यांनी मागचं दार उघडलं. "आई, लागलं नाही ना? या, हात द्या."

"मी उतरणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आता उतरायला हरकत नाही, आई. गेट गेलं मागं."

"तीन महिने थांबलेय मी या सीटसाठी. चहा इथंच आणायला सांग गं." बायको हसत वर गेली. सेक्रेटरी वाफ्याच्या कडेला उभं राहून चिरडलेली रोपं मोजू लागले, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी पुढच्या सीटकडे बोट दाखवलं. "तुम्ही बसा तिथं. तोंड इकडं करून."

निरीक्षक कललेल्या गाडीत उलटे होऊन बसले.

सासूबाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि हनुवटीला हात लावला. "हं. सांगा आता. तो हवालदार आधी काय म्हणाला?"

"आई, तुम्ही होतात की तिथं."

"होते. पण तुमच्या तोंडून ऐकलं नाही अजून."

निरीक्षकांनी सुरुवात केली. "उताराचा रस्ता. मर्यादा पन्नास. माझा काटा अठ्ठेचाळीसवर—"

"सत्तेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. "मी मागून बघत होते."

निरीक्षकांचा हात सवयीने खिशातल्या टेपकडे गेला. मग तो हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "तर काटा सत्तेचाळीसवर, आणि समोर हवालदार."

"मग?" सासूबाई म्हणाल्या.